ह्यांची जवारी

मावशींनी मला एवढ्या वर्षांत एकदाही नावानं हाक मारली नाही. मी नगर जिल्ह्यातून परभणीला कृषी विद्यापीठात नोकरीला आलो, स्टेशनकडच्या वस्तीत त्यांच्या घरातल्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि पहिल्या दिवशी जो 'नगरवाले' झालो तो शेवटपर्यंत. शेजारच्या खोलीत कचेरीतले एक कारकून राहायचे, ते 'पालमवाले'. दूध घालणारा 'पिंगळीवाला'. पुढे माझं लग्न झालं. बायको बारामतीची, म्हणून ती 'बारामतीवाली'. एका चुलीवर जेवणारे आम्ही नवरा-बायको दोन जिल्ह्यांचे झालो. आमची मुलगी मात्र परभणीतच जन्मली. तिला काय म्हणावं हे मावशींना बरेच दिवस सुचेना. शेवटी त्या तिला 'आपली' म्हणायला लागल्या.

मावशी उंच, काटक, कपाळ मोकळं. निजामाच्या राज्यातच नवरा तापानं गेलेला. मूलबाळ नाही. पेडगावला थोडी जमीन होती, ती पुतण्या बघायचा; पण मावशी आठवड्यातून दोनदा पॅसेंजरनं पेडगावला जाऊन पुतण्या काय बघतोय ते बघून यायच्या.

घरातली सगळ्यात हवेशीर आणि कोरडी खोली त्यांनी मडक्यांना दिली होती. स्वतः ओसरीवर झोपायच्या. पालमवाल्यांचा त्या खोलीवर फार डोळा होता. त्यांना तीन पोरं, जागा पुरत नसे. "मावशी, मडकी ओसरीवर ठेवा, आमी खोलीत ऱ्हातो," असं ते दर दिवाळीला सांगून बघायचे. मावशी म्हणायच्या, "तुमच्या पोराला ओल लागली तर ते शिंकतंय. माज्या पोराला लागली तर ते मरतंय."

मडक्यांत बियाणं होतं. जवारी, तूर, करडई, जवस, वाळकं, दोडका, आता कुणी पेरत नाही असा एखादा वाल. आत राख आणि कडुनिंबाचा पाला, तोंडाला शेणाचं लिंपण. कुठल्याच मडक्यावर चिठ्ठी नाही. मी त्या वेळी नवा एम.एस्सी. होतो आणि नव्या एम.एस्सी.ला असते तेवढी अक्कल मला होती. बियाण्यातली ओल मोजायचं यंत्र मी एकदा विद्यापीठातून घरी आणलं. मावशींनी ते उलटंपालटं करून पाहिलं, मडक्यातला एक दाणा दाढेखाली धरला, टक्कन आवाज झाला. "वाळलंय," त्या म्हणाल्या. "आता तुमच्या डबीला इचारा." डबीनंही तेच सांगितलं. मी यंत्र परत नेऊन ठेवलं.

बोलण्याच्याही काही तऱ्हा होत्या. दगड हा शब्द त्यांच्या तोंडातच नव्हता. धोंडा म्हणायच्या, गोटा म्हणायच्या. मसाल्यासाठी दगडफूल हवं असलं तर "ते धोंड्यावरलं फूल आना" असं सांगायच्या, आणि मी किराणा दुकानात जाऊन तेच मागून स्वतःचं हसं करून घेतलं. मला वाटलं, परभणीकडे असंच म्हणत असतील.

भाकरीच्या बाबतीत तर त्या न्यायाधीश होत्या. आमच्या विद्यापीठात नव्या संकरित ज्वारीचं कौतुक चाललं होतं. उत्पन्न भरपूर, तीन-चार महिन्यांत पीक हातात. मी ते पीठ घरी आणून बायकोकडून भाकरी करवली आणि गरमागरम मावशींपुढे नेली. त्यांनी ताट बाजूला सारलं. "थंडी होऊ द्या. गरम भाकर कुनाचीबी गोड लागती." संध्याकाळी त्यांनी ती वाळकी भाकरी ताटावर आपटून दाखवली. "हे बगा. दार उघडा म्हनून वाजवायला चांगली हाय." मला राग आला. त्या ज्वारीवर आमच्या साहेबांची हयात गेली होती.

बियाण्याच्या जातीला आम्ही विद्यापीठातले लोक वाण म्हणतो. बायका संक्रांतीला हळदीकुंकवात एकमेकींना वाटी-डबी देतात, तेही वाण. मावशींच्या लेखी ही दोन्ही वाणं एकच होती. विधवेला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोण बोलावतं? मावशीही कुणाची वाट बघत नसत. संक्रांतीचा दिवस गप्प घरात काढायच्या आणि दुसऱ्या दिवशी, किंक्रांतीला, ज्या दिवशी कुणी शुभ काम काढत नाही त्या दिवशी, सगळ्या गल्लीला वाण वाटायला निघायच्या. मूठ-मूठ बियाणं. "त्येंचं वाण फळीवर जातंय, माजं भुईत जाऊ द्या." गल्लीतल्या बायका तोंडावर "हो मावशी" म्हणत घ्यायच्या. भुईत किती गेलं ते आम्हाला पुढं कळलं.

एका किंक्रांतीला त्यांनी बियाणं वाटायला माझ्या बायकोकडून नव्याकोऱ्या स्टीलच्या वाट्या मागून नेल्या आणि तंद्रीत वाट्यांसकट वाटून टाकल्या. बायको वाट्या आणायला निघाली तर मावशी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "दिलेलं वाण परत मागतेत का? उद्या मला तोंड दाखवायला जागा ऱ्हानार न्हाई." मग घरात जाऊन स्वतःच्या पितळी वाट्या घेऊन आल्या आणि बायकोच्या पदरात टाकल्या. त्या वाट्या अजून आमच्याकडं आहेत.

आता त्या जवारीचं सांगतो.

सगळ्या मडक्यांत एक मडकं वेगळं होतं. ते भिंतीच्या कोनाड्यात, एकटं. त्यातली जवारी मावशींच्या नवऱ्यानं निवडून केलेली होती. जात तशी आमच्या भागातलीच, जुनी. पण दर वर्षी काढणीआधी तो शेतातून फिरायचा, मनाजोगत्या कणसांना तांबडा दोरा बांधायचा आणि तेवढंच बियाणं धरायचा. लग्नानंतर सहा वर्षं मावशी त्याच्या मागून दोऱ्याची गुंडी घेऊन फिरल्या. तो गेल्यावर चाळीस वर्षं एकट्या फिरल्या. त्याचा फोटो नव्हता. निजामाच्या काळात पेडगावच्या शेतकऱ्याचा फोटो कोण काढणार? कपडे केव्हाच विरले. त्याचा म्हणून जगात एवढाच ऐवज उरला होता, आणि तो दर वर्षी पेरला तरच उरणार होता.

संकरित ज्वारी सगळीकडे पसरत चालली तशी जुनी वाणं झपाट्यानं नाहीशी व्हायला लागली. अनेक देशांनी मिळून एक बियाण्यांची पेढी काढली होती. जगभरातून जुनी वाणं गोळा करायची, थंडीत जपून ठेवायची आणि ज्या देशाला लागेल त्याला द्यायची. त्या पेढीचे एक शास्त्रज्ञ आमच्याकडे आले आणि जीपमधून त्यांना गावोगाव फिरवण्याचं काम माझ्याकडं आलं. डॉक्टर मूळचे सुदानचे होते. उंच, कमी बोलणारे. शेतात शिरले की आधी उकिडवे बसून मातीला हात लावायचे. पेडगावला आलो तेव्हा फाल्गुन होता आणि मावशींची काढणी चालली होती.

मावशींना पाहुणा आवडला नाही. "काहून न्यायलेत बी?" त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं.

मी पेढीचं सगळं समजावून सांगितलं.

"कुनालाबी देतेत?"

"कुणालाही."

"पाकिस्तानला?"

"त्यांचंही बियाणं तिथंच आहे. आपल्या शेजारच्या फळीवर असेल."

"मंग भांडनं?"

"ती वर दिल्लीत. खाली फळीवर नाहीत."

तरी त्या बियाणं काही देईनात. दुपार झाली म्हणून बांधावरच्या लिंबाखाली भाकरी-ठेचा वाढला. डॉक्टरांनी एका हातानं भाकरी मोडली, ठेच्याला लावली आणि डोळे मिटून खाल्ली. म्हणाले, माझी आई याच धान्याची पातळ भाकरी करते, आंबवून. मी ते मावशींना सांगितलं आणि वर माझ्याकडची विद्याही जोडली, "मावशी, जवारी मुळात यांच्याच मुलखातली. हजारो वर्षांपूर्वी तिकडून आपल्याकडं आली."

मावशींचा वाढता हात थांबला. "म्हंजे जवारीचं माहेर ह्येंच्याकडं?"

"तसंच म्हणा."

"आन हे तुमी आता सांगायलाव? सकाळधरनं मानूस उन्हात फिरायलाय, आन मी जवारीच्या माहेरच्या मानसाला नुसता ठेचा वाढला!" त्या उठल्याच. पुतण्याच्या घरून गूळ आला, तूप आलं, दूध आलं. भरल्या पोटी डॉक्टरांना दुसऱ्यांदा जेवावं लागलं. मावशी समोर बसून "आई बरी हाय का, पाऊसपानी कसंय, भाऊ किती" असं विचारत होत्या आणि मी दोन्हीकडचं भाषांतर करून दमलो. शेवटी त्या निवडीच्या कणसांकडं गेल्या, दोन ओंजळी दाणे काढून आणले आणि डॉक्टरांच्या पिशवीत ओतले. "पोर माहेरी चालली म्हनावं. नीट न्या. उन्हात ठेवू नका, ओल लागू दिऊ नका."

मी डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं, थंड आणि कोरड्या जागी ठेवा म्हणतात. डॉक्टर म्हणाले, आमचा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

मग तक्ता भरायचा होता. गाव, जमीन, पाऊस, वाणाचं स्थानिक नाव.

"नाव काय हिचं?" मी विचारलं.

मावशींनी तोंड फिरवलं. "ह्यांची जवारी."

"तसं नाही, जातीचं नाव."

"सांगितलं की. ह्यांची."

नवऱ्याची म्हणतायत एवढं मला समजलं. खरं नाव नंतर गावात कुणाला तरी विचारू म्हणून मी माझ्या वहीत पेन्सिलीनं 'ह्यांची' असं लिहून ठेवलं. डॉक्टर फार काटेकोर. त्यांनी माझ्या वहीत बोट ठेवून ते मला वाचायला लावलं, आपल्या तक्त्यात इंग्रजी अक्षरांत उतरवलं आणि अर्थ विचारला. मी पिशव्या बांधत होतो, पुढं अजून तीन गावं होती. "त्याची," मी सांगून टाकलं. त्यांनी तेही लिहिलं. पुढची तीन गावं झाली, मग पुढचे चार तालुके झाले, आणि नाव विचारायचं माझ्या डोक्यातून साफ गेलं.

मधे बरीच वर्षं गेली. एका पावसाळ्यात मावशी पेडगावच्या ओढ्यात घसरल्या आणि पाय मोडला. दोन महिने दवाखाना, मग अंथरूण. त्या वर्षी पेरणीला त्या गेल्या नाहीत, आणि पुतण्यानं सगळ्या रानात संकरित ज्वारी पेरली. त्याचंही काही चुकलं असं नाही. सगळं गाव तीच पेरत होतं. कोनाड्यातलं मडकं शाबूत आहे तोवर काळजी नव्हती.

मावशींचं करायला पुतण्याची बायको येऊन राहिली होती. भली बाई. मोडलेला पाय बघायला पाहुण्यांची रीघ लागली, पीठ संपलं. तिनं कोनाड्यातलं मडकं उतरवलं, राख पाखडली, दाणे धुऊन वाळवले आणि गिरणीतून दळून आणले. आम्हीही दोन दिवस त्या भाकऱ्या खाल्ल्या. पालमवाले तर म्हणाले, "अशी भाकर माज्या आईच्या हातची खाल्ली हुती."

मावशींना काठीनं चालता यायला लागल्यावर त्यांनी कोनाडा बघितला. पुतण्याची बायको रडायला लागली. मावशी तिला म्हणाल्या, "रडू नको. धान्य हुतं, मानसाच्या पोटात गेलं. उकिरड्यावर न्हाई गेलं." आवाज अगदी नेहमीचा होता. पण त्या दिवसापासून त्यांनी भाकरी खाणं सोडलं. भात खायच्या. मराठवाड्यातली बाई दोन्ही वेळा भात खाते म्हणजे घरात काही तरी फार वाईट घडलेलं असतं.

मी गल्लीत गुपचूप फिरलो. किंक्रांतीला त्या जवारीतली मूठ त्यांनी कितीदा तरी वाटली होती. कुणाकडं तरी असेलच. एकीनं खिचडीत घातलेलं. एकीनं कोंबड्यांना टाकलेलं. तिसरी बिचारी खरं बोलली, "भाऊसाब, आमी फ्लॅटात ऱ्हातो, पेरू कुठं? चिमण्यांनी खाल्लं." मावशींना हे कळलं तेव्हा त्या माझ्यावर भडकल्या, "परत मागायला गेला हुता तुमी? माज्या नावानं?"

मग मला पेढी आठवली. मी धावत ओसरीवर आलो. दोन ओंजळी त्या सुदानच्या डॉक्टरांनी नेल्या होत्या! मावशींचा चेहरा क्षणभर उजळला आणि तसाच मावळला.

"ते वाण दिलं हुतं, नगरवाले."

"वाण कसलं? अमानत म्हणून ठेवलंय ते. अमानत परत मागता येते."

"देताना माज्या मनात काय हुतं ते मला म्हाईत हाय. अमानत न्हवती. दिलं म्हंजे दिलं."

मी पुष्कळ डोकं आपटलं. शेवटी त्यांना न विचारता पत्र लिहायचं ठरवलं, पण नाव काय लिहायचं? मावशी सांगेनात. पेडगावला जाऊन पुतण्याला गाठलं. तो हसायला लागला. "दगडी जवारी की हो. काकी कशी सांगल? आमच्या काकाचं नाव दगडू हुतं."

धोंडा, गोटा, धोंड्यावरचं फूल! नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून या बाईनं चाळीस वर्षं रस्त्यातल्या दगडालासुद्धा दगड म्हटलं नव्हतं, आणि मी त्याला परभणीची बोली समजलो होतो.

पेढीला लिहिलं, परभणी जिल्ह्यातली पेडगावची दगडी पाठवा. दोन महिन्यांनी उत्तर आलं. दगडी नावाची वाणं आहेत, पण दुसऱ्या जिल्ह्यांतली, पेडगावची नाही. सोबत परभणी जिल्ह्यातून गोळा केलेल्या सगळ्या वाणांची यादी जोडली होती, तुमचं कोणतं ते कळवा म्हणून. गावांची नावं इतकी मोडूनतोडून लिहिलेली की पेडगाव कोणतं आणि पोखर्णी कोणतं ते ओळखू येईना. मला रडू यायचं बाकी होतं.

ती यादी मी ओसरीवर मोठ्यानं वाचत बसलो. मावशी मेथी निवडत होत्या, ऐकत नसल्याचं दाखवत. मी इंग्रजी अक्षरं जुळवत एकेक नाव घेत होतो आणि त्या न बघताच निकाल देत होत्या, "ती जिंतूरकडली." "ती हुरड्याची." "ती न्हवं."

"हायंची," मी वाचलं. "का हियांची? काय असेल हे? पुढं अर्थ दिलाय, 'त्याची'. मोठं अक्षर घातलंय, इंग्रजीत देवाला घालतात तसं. देवाची जवारी म्हणून आहे का हो एखादी?"

मेथी निवडणारे हात थांबले होते. मावशींनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. हसतायत की रडतायत ते मला बराच वेळ कळलं नाही, आणि मग माझ्या वहीतली पेन्सिल मला आठवली.

"ह्यांची," त्या म्हणाल्या. "बाई गं. सातासमुद्रापार जाऊन ह्येच सांगितलं व्हय त्येंनी."

आता तरी मागवूया म्हटलं तर परत तेच, "दिलेलं मागू न्हये." रात्रभर मी चडफडलो. सकाळी मावशी काठी टेकत माझ्या दारात आल्या. "कागद घ्या. पत्र लिवा. मागायचं न्हाई. नुसती खुशाली इचारायची."

त्यांनी सांगितलेलं पत्र मला पाठ आहे. "जवारीच्या माहेरच्या भाऊंना रामराम. आमची पोर तुमच्याकडं माहेरी आली त्याला लय वर्सं झाली. खुशाल हाय का? थंडी बाधली न्हाई ना? माहेर कितीबी चांगलं असलं तरी पोरीनं लय दिस माहेरी राहू न्हये, लोक बोलतेत. आमी न्यायला आलो असतो, पन माजा पाय मोडलेला हाय. तुमच्या आईला रामराम सांगा."

पत्रात 'द्या' हा शब्द कुठंच नव्हता. मावशींनी दोनदा वाचून घेऊन तेवढी खातरी केली. मी त्याचं जमेल तसं इंग्रजी केलं, मूळ मराठी कागदही जोडला आणि पाठवून दिलं. माझ्या साहेबांना हे पत्र दाखवायची माझी छाती झाली नाही.

उत्तर यायला बराच काळ लागला. मग एक दिवस विद्यापीठात तपासणीचे शिक्केच शिक्के मारलेलं पाकीट आलं. आत चंदेरी कागदाची मूठभर पुडी, आणि डॉक्टरांच्या अक्षरात चार ओळी. आई आता नाही, पण तुमचा नमस्कार तिला पोचला असं मी मानतो. मुलगी खुशाल आहे. पाठवत आहे. माहेर तुटू नये म्हणून थोडी आमच्याकडे ठेवून घेतली आहे.

मावशींनी पुडी पदरात घेतली. एक दाणा उचलला, सवयीनं तोंडाकडं नेला आणि खाली ठेवला. दाढेखाली फोडायला एकही दाणा जास्तीचा नव्हता.

पेडगावला रानाच्या एका कोपऱ्यात हस्ताच्या ओलीवर त्यांनी स्वतः बसून एकेक दाणा टोकला. सगळे उगवले नाहीत. जे उगवले ते पोरासारखे सांभाळले. पण शेजारीच पुतण्याची संकरित ज्वारी उभी, वाऱ्यानं तिचा फुलोरा इकडं आला की बियाणं भेसळ होणार. आम्ही विद्यापीठात कणसांना कागदी पिशव्या घालतो. मी पिशव्या नेल्या तर मावशींना त्या पसंत पडल्या नाहीत. कागदात जीव गुदमरतो म्हणाल्या. त्यांनी जुनं मऊ लुगडं फाडून लहान बाळाला शिवतात तशी टोपडी शिवली आणि प्रत्येक कणसाला घालून गळ्याशी नाडी बांधली. सगळं गाव बघायला लोटलं. "मावशीच्या जवारीचं बारसं हाय, या घुगऱ्या खायला" म्हणून पोरं ओरडायची. शास्त्र म्हणून त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. आमच्या साहेबांना मी ते रान नेऊन दाखवलं. साहेब बराच वेळ टोपड्यांकडं बघत राहिले आणि म्हणाले, नाडी कुठली वापरली विचारा.

पहिल्या वर्षीचा दाणा न दाणा बियाण्याला ठेवला. दुसऱ्या वर्षीच्या सुगीनंतर मावशींनी एक भाकरी केली, ताटात घेऊन ओसरीवर बसल्या आणि ती थंड होईपर्यंत तशाच बसून राहिल्या. मग खाल्ली, अगदी हळूहळू, शेवटच्या तुकड्यापर्यंत. मी माझ्या दारातून बघत होतो. मला फार बरं वाटलं. त्या दिवसापासून त्यांचा भात सुटला.

पेढीचं थोडं बियाणं आपल्यासाठी खर्च झालं, ते ताजं करून भरून द्यावं असं मावशींच्याच मनात आलं. "पोर सासरी आली म्हंजे माहेरी वानवळा धाडायचा असतो." मी पेढीकडून कोरा तक्ता मागवला. तो यायला पुढची संक्रांत उजाडली.

त्याच संक्रांतीला विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला. औरंगाबादचं ते विद्यापीठ. पण त्या नावापायी सगळ्या मराठवाड्यानं काय काय बघितलं होतं, घरं जळलेली, माणसं गेलेली, हे आमच्या गल्लीलाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी, किंक्रांतीला, ओसरीवर पालमवाले पेपर वाचत होते. "दिलं एकदाचं नाव," ते म्हणाले. "एका नावासाठी सोळा वर्सं! नावात काय ठेवलंय हो एवढं?"

मावशी सुपात वाणाच्या मुठी लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ज्येला पिढ्यान्‌पिढ्या कुनी नावानं हाकच मारली न्हाई, त्येला जाऊन इचारा."

पालमवाल्यांनी पेपर वर उचलला. मीही विषय बदलावा म्हणून तक्ता काढला. "मावशी, तुमच्या जवारीचंही नाव आता दुरुस्त करून टाकू. चूक माझी होती. जगाच्या यादीत चुकीचं नाव कायमचं राहायला नको. तुम्ही काही बोलू नका, मला माहीत आहे, मी लिहितो."

"काय लिवायलाव?"

त्यांच्यासमोर मलाही तो शब्द उच्चारवेना.

मावशींनी सूप खाली ठेवलं. "नका बदलू. दगडू गावोगाव हायेत, नगरवाले. ह्यांची म्हननारी मी एकलीच."

पालमवाल्यांचा पेपर तसाच वर धरलेला. आपण काय बोलून गेलो ते मावशींना बोलल्यावर समजलं. त्यांचा हात अर्ध्यापर्यंत तोंडाकडं गेला, तिथंच थांबला आणि परत सुपात आला. त्यांनी पुढची मूठ भरली.

मी तक्त्यावर स्थानिक नावापुढं पुन्हा 'ह्यांची' असंच लिहिलं. अर्थाच्या रकान्यात मात्र या वेळी मी 'त्याची' लिहिलं नाही. तिथं मी मावशींचं नाव घातलं.